एअर फ्रायरमधला कुरकुरीत घेवडा: आधी शेंगेवरचं पाणी घालवा

एअर फ्रायरमध्ये घेवडा कुरकुरीत होत नाही अशी तक्रार केली की ठरलेले सल्ले मिळतात: तेल वाढवा, कॉर्नफ्लोअर लावा, अजून पाच मिनिटं ठेवा. यातला एकही ऐकू नका. तेल वाढवलं की शेंग नुसती तेलकट होते आणि वेळ वाढवला की चामट. शेंग मऊ राहते ती तिच्या अंगावर राहिलेल्या पाण्यामुळे, आणि त्या पाण्याबद्दल कुणी बोलत नाही.

पावसाळ्यात साताऱ्याच्या मंडईत घेवड्याचे ढीग लागतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा नावाजलेला, पण तो वाळलेल्या दाण्यांचा, उसळीचा. आपल्याला हव्यात कोवळ्या हिरव्या शेंगा. एक शेंग मोडून बघा. टचकन मोडली तर घ्या, वाकली तर राहू द्या. दाणे बाहेरून फुगलेले दिसत असतील तर ती भाजीला चालेल, इथे नको. उष्णतेने तिच्या दोन फाका होतात आणि दाणे कोरडे पडतात. फ्रोझन शेंगांच्या नादी तर लागूच नका. गोठताना त्यांच्या पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे गरम झाल्या की त्या आतूनच पाणी सोडत राहतात.

पाव किलो शेंगा अख्ख्याच धुवा. देठ आणि शिरा आत्ता काढू नका.

आता वाळवणं. मला सगळ्यात जास्त वेळ हाच टप्पा जमायला लागला, कारण शेंग दिसायला कोरडी होते तेव्हा ती खरी कोरडी झालेली नसते. घेवड्याच्या सालीवर बारीक लव असते आणि तिच्यात पाण्याचा पातळ थर धरून राहतो. एअर फ्रायर दोनशे अंशांवर लावला तरी हा थर उडून जाईपर्यंत सालीचं तापमान शंभराच्या आसपासच अडकतं. म्हणजे तेवढा वेळ शेंग भाजली जात नाही, वाफवली जाते. पाणी संपून साल तांबूस व्हायला लागते तोवर आतला गर शिजून गळून गेलेला असतो. मग कितीही वेळ ठेवा, ती सुरकुततेच, कुरकुरीत होत नाही.

म्हणून शेंगा आधी चाळणीत नीट निथळू द्या. मग सुती पंच्यावर एका थरात पसरा, वर दुसरा कोरडा पंचा टाका आणि तळहाताने पुढे-मागे लाटा. नुसतं टिपून भागत नाही, शेंग सगळ्या बाजूंनी फिरली पाहिजे. त्यानंतर अर्धा तास पंख्याखाली. मग एक शेंग कोरड्या स्टीलच्या ताटलीत ठेवून उचला. ताटलीवर ओलसर रेघ उमटली तर अजून थांबा. रेघ नसेल तरच देठ मोडा आणि शिरा ओढून काढा. हे आधी केलं तर मोडलेल्या टोकांतून धुण्याचं पाणी आत जातं, आणि ते पंच्याने निघत नाही.

उन्हाळ्यात एवढं पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले असतात तेव्हा घरातला पंचासुद्धा दमट असतो, मग पंख्याचा काय उपयोग? तेव्हा शेंगा तेल न लावता एअर फ्रायरमध्येच १२० अंशांवर तीन मिनिटं ठेवा, लगेच जाळी बाहेर ओढा आणि वाफ जाऊ द्या. झाकून ठेवलं तर तीच वाफ परत सालीवर बसेल. शेंगा गार झाल्यावरच पुढचं करा.

शेंगा अख्ख्याच ठेवा. भाजीसारख्या बारीक चिरल्या की जितके तुकडे तितकी उघडी तोंडं, आणि प्रत्येक तोंडातून पाणी सुटतं.

पाव किलोला दोन छोटे चमचे शेंगदाणा तेल पुष्कळ झालं. हाताने चोळा, प्रत्येक शेंगेला चकाकी आली पाहिजे. डब्यातला तेलाचा फवारा वापरू नका, त्यातल्या इतर घटकांमुळे जाळीवरचा लेप चिकट होतो आणि खराब होतो. तेलानंतर एक चमचा बेसन आणि एक चमचा तांदळाचं पीठ भुरभुरवा. तेल आधी, पीठ नंतर, हा क्रम मोडू नका. कोरड्या शेंगेवर पीठ बसत नाही, आतल्या वाऱ्याने उडून जातं. भज्यांसारखं भिजवलेलं पीठ तर अजिबात नको. कढईत ते तेलात पडताक्षणी घट्ट होतं, इथे घट्ट व्हायच्या आत जाळीतून खाली गळतं. मीठही आत्ता नको. मीठ शेंगेतून पाणी ओढून काढतं आणि मघाची सगळी मेहनत वाया जाते.

एअर फ्रायर १९० अंशांवर तीन-चार मिनिटं रिकामा तापवा. शेंगा एकाच थरात, एकमेकींपासून सुट्या ठेवा. चार लिटरच्या जाळीत पाव किलो एकदम बसतो, पण बसतो म्हणून भरायचा नसतो. ढीग केला की खालच्या शेंगांची वाफ वरच्यांना लागते. दोन घाण्यांत करा. दहा ते बारा मिनिटं लागतात, निम्म्यावर एकदा हलवा. शेवटची दोन मिनिटं यंत्रापासून हलू नका, कारण तांबूस ते करपलेली हे अंतर तेवढ्यातच पार होतं. टोकं गडद झाली आणि मधे हिरवे-तांबूस चट्टे आले की काढा.

मसाला बाहेर काढल्यावरच. आपला कांदा-लसूण मसाला आधी लावायचा मोह होतो, पण त्यातला लसूण आणि खोबरं एवढ्या उष्णतेत जळून कडू होतं. गरम शेंगांवर तेलाचा अंश असतोच, मसाला त्याला आपोआप धरतो. अर्धा चमचा मसाला, चवीपुरतं मीठ, वरून थोडं शेंगदाण्याचं कूट. लिंबू मात्र ताटात, खायच्या वेळी आपापलं पिळावं.

काढलेल्या शेंगा वाडग्यात रचू नका, परातीत पसरा. पंधरा-वीस मिनिटांत त्या सादळायला लागतात, त्यामुळे पाहुणे बसल्यावरच दुसरा घाणा लावा. मुलांच्या डब्यात द्यायच्या असतील तर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. उरल्याच तर १८० अंशांवर दोन-तीन मिनिटं ठेवल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये होत नाहीत.