आधी डबा, मग कॅमेरा

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स केला, तेव्हा माझ्याकडे बऱ्यापैकी मिररलेस कॅमेरा होता. पाण्याखाली फोटो काढायला त्याच्या मापाचं हाऊसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारं कवच घेतलं की झालं, असा माझा हिशेब. शोधायला लागले तर त्या मॉडेलचं हाऊसिंग निघणं कधीच बंद झालेलं. पुढच्या मॉडेलचं मिळत होतं, पण त्या कॅमेऱ्याची बटणं जराशी सरकलेली. म्हणजे बाहेरून कळ दाबली की आत ती नुसती हवेत टेकणार! हाऊसिंग बहुतेक वेळा एकाच मॉडेलवर बेतलेलं असतं. शेवटी कॅमेरा विकला आणि उलट्या दिशेने सुरुवात केली.

आमच्या बोटीवर हाऊसिंगला सरळ ‘डबो’ म्हणतात, मीही डबाच म्हणते.

दुकानदार पहिल्यांदा खोलीचा आकडा पुढे करतो. दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर जमिनीवरच्या दुप्पट, ३० वर चौपट. ओपन वॉटरवाल्याला १८ मीटरपर्यंत मुभा, पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केलेल्याला ३०, आणि हौशी डायव्हिंगची हद्दच ४० मीटर. तेव्हा ४५ मीटरचा डबा पुरतो, १०० मीटरवाल्यासाठी जादा पैसे मोजू नका. फसगत होते ती ‘वॉटरप्रूफ’ शब्दाने. ऑलिम्पसचा टीजी-६ हा छोटा कॅमेरा नुसता १५ मीटरपर्यंत चालतो, गोप्रो १० पर्यंत. डब्यात घातले की टीजी ४५ मीटर आणि गोप्रो ६० मीटर झेलतो. टीजी-६ चा पीटी-०५९ हा डबा टीजी-७ लाही बसतो, हे मला फार आवडतं. कॅमेरा बिघडला तरी डबा वाया जात नाही.

खरा विचार करायचा तो पोर्टचा, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेचा. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू पाऊण अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. बारीक जिवांसाठी हे फायद्याचंच, पण वाइड लेन्सची रुंदी मात्र त्यात मारली जाते. तिला घुमटासारखा डोम पोर्ट हवा. कुठला घ्यायचा हे तुमचं पाणी ठरवतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डिसेंबरातल्या चांगल्या दिवशीही माझा जोडीदार सात-आठ मीटरवर धूसर होतो. अशा पाण्यात झूम करणं म्हणजे गढूळपणाचाच फोटो काढणं. म्हणून मी सपाट पोर्ट घेतला आणि समुद्री गोगलगायींच्या नादी लागले. टीजीचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एका सेंटिमीटरवर फोकस करतो. तेवढ्या अंतरात गढूळ व्हायला पाणी उरतच नाही. अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) जाणार असाल तर गणित वेगळं, तिथल्या नितळ पाण्यात डोम शोभतो.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश समोरच्या कणांवर उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच विरतो. आज ना उद्या स्ट्रोब, म्हणजे डब्याबाहेरचा वेगळा फ्लॅश घ्यावा लागणारच, तेव्हा त्याला जोडणारी फायबर केबल लावायची सोय डब्यावर आहे ना, ते आत्ताच बघा.

पॉलिकार्बोनेट की अ‍ॅल्युमिनियम? नवख्याने पारदर्शक प्लॅस्टिकच घ्यावं. स्वस्त, आणि मुख्य म्हणजे आत गेलेला थेंब दिसतो. त्याचा दोष एकच, काचेवर वाफ लवकर धरते. एकदा मी दमट हवेत, बोटीवरच डबा बंद केला. पाण्यात उतरले आणि काच पांढरी. वर आल्यावर आमच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, हसून म्हणाला, “कॅमेऱ्याक घाम फुटलो गो बाय!” तेव्हापासून सकाळी एसीच्या खोलीत डबा बंद करते आणि आत सिलिका जेलची पुडी टाकते.

आता ओ-रिंग. सगळा भार या रबरी कड्यावर असतो. डब्यात घातलेला माझा पहिला कॅमेरा बुडाला तो टॉवेलच्या एका धाग्याने. कडं आणि काठ यांच्यामध्ये तो आडवा अडकला होता आणि डबा बंद करताना मी गप्पा मारत होते. आता खाच धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसते, कडं बोटांतून फिरवून खडा-केस चाचपते, आणि त्याच कंपनीचं ग्रीस अगदी चकाकी येईल इतपतच लावते. ग्रीस पाणी अडवत नाही, ते कड्याला फक्त मऊ ठेवतं. जास्त लावलं तर वाळू चिकटते. दाब वाढला की कडं खाचेत आणखी घट्ट बसतं, त्यामुळे गळती बहुधा पहिल्या एक-दोन मीटरांतच कळते. तिथे थांबा, डबा उलटा-पालटा करून बुडबुडे बघा.

पर्यटकांचे व्हिडिओ काढून कमवायचं असेल तर सुटी ओ-रिंग खिशात ठेवा आणि दोन डाइव्हच्या मध्ये डबा उघडायची वेळ येणार नाही एवढी मोठी बॅटरी आणि कार्ड घ्या.

आणि पहिल्या डाइव्हला डबा रिकामा न्या. आत टिश्यू पेपर आणि कापडात गुंडाळलेलं शिशाचं वजन ठेवा, नाहीतर तो वरच पळतो. खाली प्रत्येक कळ दाबून बघा. माझा कागद कोरडा निघाला तेव्हा तोच तांडेल डबा उन्हाकडे धरून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “आता घाल कॅमेरो.”