कोर्टाने सांगितलेल्या मानसोपचाराचा सरकारी खर्च कसा काढायचा
न्यूयॉर्कमध्ये १९९९ पासून केंड्राज लॉ आहे, म्हणजे अ‍ॅडमिट न करता बाहेर राहूनच ट्रीटमेंट घे असं कोर्ट पेशंटला सांगू शकतं. याचा खर्च काढायचा तर नुसती औषधं आणि डॉक्टर धरून भागत नाही. आदेशाच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष शेजारी शेजारी मांडा, दोन्हीकडे हॉस्पिटलचे दिवस, इमर्जन्सीच्या फेऱ्या, केस मॅनेजर (पेशंटची ट्रीटमेंट आणि मदत जुळवून देणारा माणूस), जेल सगळं टाका, आणि सुनावणी, वकील, देखरेख विसरू नका, ते आरोग्याच्या बजेटमध्ये सहसा दिसतच नाही.

२०१३ च्या एका अभ्यासात न्यूयॉर्क शहरात पहिल्या वर्षी खर्च ४३ टक्क्यांनी उतरला. भारी वाटतं, पण माणूस कोर्टापर्यंत पोचतो तोच तब्येत पार बिघडल्यावर, मग आदेश नसता तरी थोडा उतरलाच असता ना? म्हणून तुलनेला दुसरा ग्रुप हवाच. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी तसं करून बघितलं (तिथे आदेश कोर्ट नाही, डॉक्टर काढतात), तर लांब मुदतीचा आदेश असलेले आणि हॉस्पिटलमधून थोड्या दिवसांच्या रजेवर घरी सोडलेले, दोन्हीकडे ३६ टक्के लोक परत अ‍ॅडमिट झाले.

आणि हो, बचत हॉस्पिटलच्या खात्यात दिसते, खर्च मात्र हॉस्पिटलबाहेरच्या सेवांवर पडतो, तेव्हा दोन्हीची खाती वेगळी लिहा.