मारुती ८००चं इंजिन बांधायचंय? आधी तिन्ही सिलिंडर एकसारखे करा

जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८००चं एफ८बी इंजिन मित्रमित्रांनी मिळून बांधायला फार चांगलं. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, ६८.५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ७२ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल), ७९६ सीसी. साखळीपुली लावली की तीन-चार जणांत आरामात खाली उतरतं. गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी पिस्टन, रिंगा, बेअरिंग अजून मिळतात.

मॉडिफाय म्हटलं की पोरांना आधी मोठा कार्बोरेटर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर दिसतो. मी कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर काम करतो, आणि माझं मत पक्कं आहे: या इंजिनात पहिला पैसा आणि पहिला वेळ तिन्ही सिलिंडर एकसारखे करण्यात घाला. बाकीचं नंतर.

इंजिन उतरवण्याआधीच कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, एकेका प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. सिलिंडरा-सिलिंडरांत एक किलोपेक्षा (प्रति चौरस सेंटिमीटर) जास्त फरक आला तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नसावेत.

मित्र जमले की सगळेच पाना हातात घेतात. ते नको. एकानं खोलायचं, एकानं धुवायचं, एकानं वही धरायची. वहीवाला नुसता बसलेला नसतो, सगळ्यात महत्त्वाचं काम त्याचंच. मोजलेला प्रत्येक आकडा त्याच्याकडे जातो, आणि तो टिक करेपर्यंत कुठलाही बोल्ट टॉर्कला (ठरलेल्या जोराला) घट्ट होत नाही. कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या कॅप सोडण्याआधी पंचानं १, २, ३ खुणा करा. एकाची कॅप दुसऱ्याला कधीच लावायची नाही.

बोअर झिजली असेल तर रिबोअर, म्हणजे सिलिंडर किंचित मोठा कापून परत गोल करायचा. पिस्टन आधी विकत घ्या आणि ते बोअरवाल्याच्या हातात द्या. "अर्धा मिमी मार" एवढं सांगून ब्लॉक ठेवून येऊ नका. त्यानं प्रत्येक पिस्टन मोजून त्या मापानं त्याची बोअर काढायची. ०.५० ओव्हरसाइझला बोअर ६९ मिमी होते आणि इंजिन साधारण ८०८ सीसीचं. बारा सीसीनं गाडी पळत नाही. खरा फायदा गोल, सरळ बोअरचा आणि नीट होनिंगचा (भिंतीवर मारलेल्या बारीक तिरप्या रेघांचा). रिंग बोअरमध्ये घातल्यावर उलट्या पिस्टननं खाली ढकला, म्हणजे ती सरळ बसेल. मग फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधली गॅप बघा. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा जुना हिशोब धरला तर इथं सुमारे ०.२७ मिमी येतो. मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातलाच आकडा पाळा.

आता वजन. क्रँकच्या तीन पिना १२० अंशांवर असल्यानं तीन पिस्टनांचे वरखाली झटके एकमेकांना खातात, पण वजन सारखं असेल तरच. सराफाच्या काट्यावर पिन आणि रिंगांसकट तिन्ही सेट ठेवा. सगळ्यात हलका सेट जसाच्या तसा बाजूला ठेवा आणि बाकीचे त्याच्यावर आणा. मटेरियल काढायचं ते पिस्टनच्या आतून, पिनच्या बॉसखालून (पिन बसते त्या जाड भागाखालून). माथ्याला आणि स्कर्टला हात लावायचा नाही. रॉडचं मोठं टोक आणि छोटं टोक वेगवेगळं तोला, दुसरं टोक दोरीनं समपातळीत टांगून. घासायचं रॉडच्या लांबीच्या दिशेनं, कारण आडवा ओरखडा राहिला की पुढं तिथूनच तडा जातो. फरक अर्ध्या ग्रॅमवर येईपर्यंत आम्ही थांबत नाही. आमचा वहीवाला म्हणतो, "भावा, अजून दोन पॉइंट आहेत बघ," आणि परत कानस हातात येते.

हेडचंही तसंच: तिन्ही चेंबर (पेट्रोल जळतं ती पोकळी) सारख्या मापाचे हवेत. प्लग लावा, व्हॉल्व्ह बसवा, हेड उलटं ठेवा. चेंबरवर भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा ग्रीसनं चिकटवा आणि सिरिंजनं रॉकेल भरा. हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा, म्हणून भोक वरच्या अंगाला येईल इतकं हेड किंचित कलतं करा. हे का करायचं ते बघा: ६९ मिमी बोअरला, गॅस्केटची जाडी धरून वरची सगळी जागा ३५ सीसी असेल तर कॉम्प्रेशन रेशो ८.७ येतो, ३४ झाली की ८.९. एका सीसीच्या फरकात दोन सिलिंडर वेगळे वागायला लागतात. लहान चेंबर व्हॉल्व्हच्या कडेनं जरा जरा घासून मोठ्याच्या बरोबरीला आणा.

हेडला फेस मारायचा (खालचा पृष्ठभाग मशीनवर घासायचा) तो सपाट करण्यापुरता. जास्त मारला तर रेशो वाढतो, साध्या पेट्रोलवर नॉकिंग (इंजिनात ठोकल्यासारखा आवाज) सुरू होतं, आणि हेड खाली आल्यानं कॅमचं टायमिंगही मागं सरकतं. पोर्टच्या बाबतीत इनटेक मॅनिफोल्डचं तोंड, गॅस्केट आणि हेडचं तोंड एका रेषेत आणा, पायरी घालवा. इनटेकच्या बाजूला आरशासारखं पॉलिश नको.

खालचं इंजिन बांधताना प्रत्येक मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणारी) घट्ट केली की क्रँक हातानं फिरवा. जिथं जड लागेल तिथंच थांबा, पुढची कॅप लावू नका. टायमिंग बेल्ट चढवल्यावर क्रँक पानानं पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघा. मगच सेल्फ.

एक गोष्ट कायद्याची. आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. म्हणून दुसरं मोठं इंजिन टाकायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मी आहे तोच ब्लॉक, आहे तोच नंबर ठेवतो.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, मग प्लग लावा. साधं मिनरल ऑइल घाला, एकाच स्पीडला गाडी धरून ठेवू नका, आणि पहिलं ऑइल लवकर बदला. काढलेलं ऑइल गाळून चुंबक फिरवा, काय चिकटतं ते बघा. त्यानंतर प्लग काढून तिघांचा रंग शेजारीशेजारी लावा: तिन्ही फिकट तपकिरी असतील तर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक) बरोबर, तिन्ही काळे असतील तर छोटा जेट टाका, आणि एकच वेगळा दिसला तर कार्बोरेटर सोडून त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासा.