शिक्षकांचे संगणक-कौशल्य कसे जोखावे आणि प्रशिक्षणाची गरज कशी ठरवावी

शाळेत नवे संगणक आले किंवा वर्गात डिजिटल फळा बसला की लगोलग एक दिवसाचे प्रशिक्षण लावले जाते. बाहेरून आलेले तज्ज्ञ सगळ्यांना एकच पाठ देतात; ज्यांना तो आधीच येत असतो ते कंटाळतात आणि ज्यांना फाइल कुठे साठवली गेली हेच सापडत नाही ते मागे गप्प बसून राहतात. कोणाला काय येते आणि कशाची अडचण आहे, हे आधी पाहिलेले नसते. ही पाहणी करायला बाहेरची संस्था लागत नाही. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि दोन-तीन जाणकार शिक्षक मिळून ती काही आठवड्यांत नीट पार पाडू शकतात.

१. आधी कामांची यादी करा

यादी सॉफ्टवेअरच्या नावांची करू नये, शिक्षकाच्या कामांची करावी. प्रश्नपत्रिका टंकित करणे, निकालपत्रक तयार करणे, यू-डायस प्लस आणि सरल या शासकीय ऑनलाइन प्रणालींवर विद्यार्थ्यांची माहिती भरणे, पालकांच्या गटावर सूचना पाठवणे, दीक्षा या शासकीय शैक्षणिक संकेतस्थळावरील साहित्य शोधून ते पाठात वापरणे, ऑनलाइन चाचणी घेऊन तिचे निकाल वाचणे, अशी दहा-बारा कामे सहज निघतात. यादी एकांगी होऊ नये म्हणून युनेस्कोने शिक्षकांसाठी तयार केलेला माहिती-तंत्रज्ञान क्षमता आराखडा शेजारी ठेवावा. त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत सहा पैलू आणि तीन स्तर मिळून १८ क्षमता मांडल्या आहेत, आणि यंत्र हाताळण्याचे कौशल्य हा त्या सहा पैलूंपैकी केवळ एक आहे. अभ्यासक्रम व मूल्यमापन, अध्यापनपद्धती, शाळेचे व्यवस्थापन आणि शिक्षकाचे स्वतःचे शिकणे यांनाही तेथे तेवढेच स्थान आहे. आपल्या यादीत सगळी कामे कार्यालयीनच आली असतील, तर ती पुन्हा करावी.

२. शिक्षकांना विश्वासात घ्या

या पाहणीचा निष्कर्ष गोपनीय अहवालात जाणार नाही, वेतनवाढीशी त्याचा संबंध नाही आणि कोणाचे गुण शिक्षक-खोलीत लावले जाणार नाहीत, हे मुख्याध्यापकांनी लेखी सांगावे आणि पाळावे. पंचवीस वर्षे उत्तम गणित शिकवलेल्या बाईंना कालपरवा रुजू झालेल्या सरांसमोर ‘मला हे येत नाही’ असे म्हणणे जड जाते, आणि त्यात गैर काही नाही. त्यांची प्रतिष्ठा जपली गेली तरच खरी माहिती हाती येईल.

३. प्रश्नावली छोटी ठेवा

‘तुम्हाला एक्सेल येते का?’ या प्रश्नाचे उत्तर फारसे उपयोगाचे नसते. ज्याला थोडे येते तो ‘येते’ म्हणतो आणि ज्याला बरेच येते तो संकोचाने ‘जेमतेम’ लिहितो. एमएस-सीआयटी या राज्यातील संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तो पूर्ण करून नंतर संगणकाला हात न लावलेले शिक्षक कमी नाहीत. म्हणून प्रश्नावलीत परिस्थिती विचारावी: घरी संगणक आहे की सारे काम मोबाइलवर चालते, मराठी टंकन कोणत्या कळफलकाने करता, गेल्या महिन्यात कोणत्या कामासाठी दुसऱ्याची मदत घ्यावी लागली, शाळेत संगणक नेमका केव्हा मोकळा मिळतो.

मुंबईत आणखी एक प्रश्न आवश्यक आहे, तो वेळेचा. अनेक शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात, आणि बरेच शिक्षक कल्याण, बदलापूर किंवा विरारहून लोकलने येतात. शाळा सुटल्यावर तासभर थांबणे कोणाला शक्य आहे, हे आताच विचारले तर पुढचे वेळापत्रक कागदावरच राहणार नाही. महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, त्यामुळे प्रश्नावली आणि पुढची चाचणीही शिक्षकाच्या माध्यमभाषेतच असावी. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या उर्दू टंकनाच्या अडचणी मराठी टंकनाहून वेगळ्या असतात.

४. प्रत्यक्ष काम करून घ्या

पाहणीचा गाभा हाच आहे, आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. प्रत्येक शिक्षकाला संगणकासमोर बसवून यादीतली तीन कामे द्यावीत, साधारण ४० मिनिटे द्यावीत, आणि शेजारी बसून फक्त पाहावे. मदत मागितली तर करावी, पण ती कोठे मागितली याची नोंद ठेवावी.

पहिले काम निकालपत्रकाचे. काल्पनिक नावांची एक यादी आणि तीन विषयांचे गुण देऊन बेरीज, टक्केवारी आणि गुणानुक्रम काढायला सांगावे. बेरीज सूत्राने केली की कॅल्क्युलेटरवर करून आकडा टंकित केला, हे पाहावे. क्रम लावताना केवळ गुणांचा स्तंभ निवडला गेला, तर गुण हलतात आणि नावे जागच्या जागी राहतात. म्हणजे एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. ही चूक पडद्यावर दिसत नाही, म्हणून ती गंभीर आहे. एक विद्यार्थी गैरहजर दाखवावा. त्याच्यापुढे शून्य लिहिले तर वर्गाची सरासरी खाली येते, कारण सरासरीचे सूत्र शून्य हिशेबात धरते आणि ‘गैरहजर’सारखी अक्षरी नोंद वगळते. हा फरक ज्यांना कळतो त्यांची समज पक्की आहे, मग त्यांचा टंकनवेग कितीही कमी असो.

दुसरे काम मराठी मजकुराचे. दहा ओळींची सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकित करून मोबाइलवर पाठवायला सांगावे. जुन्या फॉन्टमध्ये तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, हा अनुभव बहुतेक शाळांना आहे. मोबाइलवर भराभर मराठी लिहिणारे शिक्षक संगणकासमोर अडखळत असतील, तर त्यांची गरज इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळफलकाच्या सरावापुरतीच आहे आणि ती लवकर भागते.

तिसरे काम सुरक्षिततेचे. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक असलेली एक बनावट फाइल द्यावी, ती वरिष्ठ कार्यालयाला पाठवायला सांगावे, आणि शिक्षक काय करतात ते पाहावे. ती थेट व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते का, फाइलला पासवर्ड लावला जातो का, सामायिक संगणकावर खाते उघडेच राहते का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीची विशेष काळजी अपेक्षितो. मुलांच्या माहितीची जबाबदारी आपल्यावर आहे, हे शिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे. या कामात उणीव दिसली तर तिला यादीत सर्वांत वरचे स्थान द्यावे.

नोंदीसाठी चार श्रेणी पुरेशा आहेत: सुरुवात करता येत नाही, मदतीने करता येते, स्वतंत्रपणे करता येते, दुसऱ्याला शिकवता येते. चौथ्या श्रेणीतले शिक्षक हेच पुढे तुमचे सुलभक.

५. एक तासिका पाहा

संगणक उत्तम हाताळणारा शिक्षक वर्गात तंत्रज्ञानाचा चांगला उपयोग करतोच असे नाही. तासिकेत व्हिडिओ लावून मुले नुसती बघत राहतात, की मध्ये थांबवून प्रश्न विचारले जातात, फळ्यावर मुलांना बोलावले जाते, हे टिपावे.

६. उणिवांची कारणे वेगळी करा

समजा, २४ शिक्षकांपैकी १५ जण ऑनलाइन चाचणी घेत नाहीत. त्यांतील सहा जणांना ती तयार करता येत नसेल, सात जणांच्या वर्गात इंटरनेटच पोहोचत नसेल आणि दोघांना तिचा उपयोग पटलेला नसेल. प्रशिक्षण केवळ पहिल्या सहा जणांना हवे. सात जणांसाठी संस्थाचालकांकडे जोडणीची मागणी करायला हवी, आणि दोघांना सहकाऱ्याच्या वर्गात नेऊन चाचणी प्रत्यक्ष चाललेली दाखवायला हवी. साधनांच्या अभावाला शिक्षकाचे अज्ञान समजणे अन्यायाचे आहे, आणि त्यावर केलेला प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो.

७. प्रशिक्षण आखा आणि पुन्हा तपासा

जी उणीव अनेकांची आहे तिच्यासाठी लहान कार्यशाळा घ्यावी. जी दोघा-तिघांची आहे तिच्यासाठी सुलभकाने शेजारी बसून शिकवावे. दिवसभराच्या एका सत्रापेक्षा दोन महिन्यांत विखुरलेली एकेका तासाची सहा सत्रे अधिक टिकतात, कारण मधल्या काळात सराव होतो. प्रत्येक सत्रात शिक्षकाने स्वतःच्याच वर्गाचे काम घेऊन यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असे सांगते. शाळेतली ही सत्रे आणि दीक्षावरील ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम यांची सांगड घालून ते तास आखता येतात.

शेवटच्या सत्रानंतर सुमारे सहा आठवड्यांनी तीच तीन कामे, नावे आणि आकडे बदलून, पुन्हा द्यावीत. दोन्ही वेळच्या श्रेणी शेजारीशेजारी मांडून त्या शिक्षकाला एकांतात दाखवाव्यात, आणि जेथे श्रेणी हललेली नाही तेथे सुलभक, सत्राची वेळ किंवा शिकवण्याची रीत यांपैकी काय बदलायचे हे त्यांनाच विचारून पुढच्या सत्राच्या आराखड्यात लिहावे.