स्कोअर शंभर, पण साइज निवडता येईना

ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे साइट दिव्यांगांनाही वापरता येते का हे तपासण्याच्या कामात, नवीन येणाऱ्यांनी एक समज आधी डोक्यातून काढावा: गूगलच्या लाइटहाऊस या तपासणी टूलनं शंभर दिले म्हणजे साइट सगळ्यांना वापरता येते. मी यातच बराच काळ अडकलो होतो, म्हणून जरा जास्तच बोलणार.

समजा, आपल्या कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानाची साइट आहे. कापशी चपलेचा फोटो, किंमत, खाली साइजचे चौकोन: सहा, सात, आठ. रिपोर्ट सगळा हिरवा. आता माऊस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत जा. फोकस (कीबोर्ड सध्या पानावर कुठं आहे ते) मेन्यूवरून निघतो तो थेट 'कार्टमध्ये टाका'वर. साइज गायब! कारण ते चौकोन म्हणजे क्लिक लावलेले नुसते डिव्ह, म्हणजे कोडातले साधे डबे, बटणं नव्हेत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) आकडे वाचून दाखवेल, पण त्यातला एक निवडायचाय हे सांगणार नाही. अंध गिऱ्हाईक पैसे घेऊन आलंय आणि त्याला चप्पल घेता येईना. टूल कोडात आहे ते तपासतं. जिथं बटण हवं होतं आणि नाही, ते त्याला कुठून कळणार? फोटोचंही तेच. कोडातलं त्याचं वर्णन 'कापशी, लाल गोंडा' असो की 'आयएमजी २०४३', ते पास करून मोकळं.

आता फीडबॅक. 'साइट ॲक्सेसिबल नाही' एवढंच लिहून पाठवलंत तर डेव्हलपर दुर्लक्ष करणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. असं लिहा (डब्ल्यूसीएजी म्हणजे वेब ॲक्सेसिबिलिटीचे आंतरराष्ट्रीय निकष, लेव्हल ए ही त्यातली किमान पातळी): "प्रॉडक्ट पेजवर कीबोर्डनं साइज निवडता येत नाही, ऑर्डर अडते. डब्ल्यूसीएजी २.१.१, लेव्हल ए. डिव्हऐवजी रेडिओ बटणं घेतली तर बाणांच्या कळा ब्राउझरच सांभाळतो. दिसायला चौकोनच ठेवता येतील." कोडिंग कच्चं असलं तरी घाबरू नका, एवढं लिहायला पुरेसं येतं. दोन आठवड्यांत जमायला लागतं.

ऑर्डर अडवणारं आधी लिहा. पांढऱ्यावर #७७७ राखाडी अक्षरांचा कॉन्ट्रास्ट ४.४८ येतो, लागतो ४.५, नापासच, पण ते खाली. पहिल्याच मेलमध्ये २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढू नका, समोरचा लगेच वकिलाकडं जातो.

'एक ओळ टाका, साइट ॲक्सेसिबल' म्हणून ओव्हरले (साइटवर वरून चढवायची तयार स्क्रिप्ट) विकणारे आणि त्याचेच कोर्स घेणारे मेंटॉर, दोघांपासून लांब राहा. स्पष्टच सांगतो, त्यापेक्षा रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसा.

"झालं की भावा, बघ" असा निरोप आला की पुन्हा माऊस काढून ऑर्डर करून बघा. बऱ्याचदा नुसता टॅबइंडेक्स (टॅबनं फोकस येऊ देणारा कोड) चिकटवलेला असतो: फोकस आठच्या साइजवर जातो, पण स्पेस दाबा की एंटर, काही निवडलं जात नाही. मग तोच इश्यू परत उघडायचा, नवा नाही.