विमान पडलं की आधी १.५ उघडा

कुठे विमान पडलं की दुसऱ्या दिवशी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला येणारी आमची मंडळी निकाल लावून मोकळी. ‘पायलट नवखा असणार बघ.’ पायलट जुनाजाणता निघाला तर, ‘मग मशीनच खराब असणार की!’ मी वायुदलात इंजिनं खोलली, शेवटी इथल्याच सांबऱ्याच्या तळावर पोरांना शिकवलं. पायलट कधीच नव्हतो, पण अपघाताचे अहवाल वाचायची खोड लागली ती सुटली नाही. गल्लीतली एक मुलगी सध्या पायलटच्या परीक्षा देते आहे. अहवाल कसा वाचायचा हे तिला सांगत होतो, तेच इथे लिहितो.

आधी धीर धरा. प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत येतो आणि तो काय घडलं एवढंच सांगतो. का घडलं ते अंतिम अहवालात, आणि त्याला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आपल्याकडचे अहवाल एएआयबीच्या, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर फुकट मिळतात. जाडजूड असतात, इंग्रजीत असतात, पण साचा जगभर एकच: माहिती, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी. सगळे जण थेट निष्कर्षावर उडी मारतात. तुम्ही १.५, म्हणजे पहिल्या भागातलं पाचवं कलम, काढा. तिथे वैमानिकांची कुंडली असते.

एकूण किती तास उडवलं हा आकडा बघून तिथेच थांबू नका. त्याच जातीच्या विमानावर किती तास, गेल्या ९० दिवसांत किती, उड्डाणाआधी विश्रांती किती, शेवटची तपासणी कधी झाली, हे बघा. मग दोघांचे आकडे शेजारीशेजारी लिहा. आपल्याकडे व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो, त्यामुळे कॅप्टनचे दहा हजार आणि सहवैमानिकाचे काही शे, अशी जोडीही नियमात बसते. ही दरी लक्षात ठेवून १.११ला जा. कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद तिथे असते. कोण बोललं, किती वेळा बोललं, समोरच्याने काय केलं, पेन्सिलने खुणा करा. माझ्या मते सगळ्या अहवालाचा जीव इथेच आहे.

पहिला अहवाल वाचायचा तर मंगळूरचा घ्या, आपल्याच कर्नाटकातला. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं विमान, १६६ पैकी १५८ गेले. कॅप्टनचे दहा हजारांवर तास. नोंदीत त्यांच्या घोरण्याचा आवाज आहे. सुमारे १ तास ४० मिनिटं ते झोपले होते आणि जागे झाल्यावर डोकं अजून जड होतं. विमान फार उंचावरून, फार वेगात येत होतं. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, फिरून या, असं तीनदा सांगितलं. तोही काही कच्चा नव्हता, त्याचे साडेतीन हजारांवर तास होते. तरी कॅप्टन उतरलेच, तेही धावपट्टीचा बराचसा भाग संपल्यावर. आता इथे पुस्तक मिटू नका. त्या दिवसांत तिथलं रडार बंद होतं, म्हणून विमानाला खाली यायला उशिरा सुरुवात झाली, हेही त्याच अहवालात आहे. ‘पायलटची चूक’ एवढं म्हणून गप्प बसणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

माणूस ऐकत का नाही? एका तळावर माझ्या हाताखालचा विशीतला पोरगा मला म्हणाला, ‘सर, बोर्डवर एक पाना कमी आहे.’ मी म्हटलं, नीट मोज. पुन्हा आला. मी खेकसलो. तिसऱ्यांदा तो आला ते कान लाल करून, पण आला. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं, पाना आतच होता. माझी नोकरी तेव्हा अठरा वर्षं झालेली. अठरा नसती, आठ असती, तर मी पहिल्याच वेळी उठलो असतो असं मला आजही वाटतं.

कोझिकोडचा अहवाल मला वाचवत नव्हता. ७ ऑगस्ट २०२०, धो धो पाऊस, २१ बळी, आणि कॅप्टन आपला मराठी माणूस, वायुदलातून आलेला, नावाजलेला. तिथेही विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं, तिथेही सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं. मात्र त्याच कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच उड्डाण न्यायचं होतं आणि त्या तळावर कंपनीने पुरेसे कॅप्टन ठेवले नव्हते. असल्या ओळी विश्लेषणात आणि शिफारशींत लपलेल्या असतात, म्हणून दुसरा नि चौथा भाग सोडू नका.

नेपाळातल्या पोखराचा, जानेवारी २०२३चा, नंतर वाचा. आपण सांबऱ्याहून बसतो तसलंच एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ७२ बळी. फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्यांचा, दांडा ओढायचा तिथे प्रोपेलरचे दांडे ओढले गेले. आणि ते दोघेही कॅप्टन; एक जण दुसऱ्याला नव्या विमानतळाची ओळख करून देत होता. इथे तासांची दरी शोधाल तर फसाल.

मुलीने मंगळूरचा अहवाल छापून घेतला. काल विचारत होती, ‘काका, तीनदा सांगून ऐकलं नाही, तर चौथ्यांदा काय म्हणायचं?’ मी म्हटलं, तुझ्या ट्रेनिंगमध्ये ताबा कधी नि कसा घ्यायचा ते शिकवतील, तेवढा धडा झोपेतही आठवेल असा पाठ कर. मग ती १.५ वर पेन्सिल घेऊन बसली.