बिनसाखरेचं गव्हाचं सिरियल चवीनं कसं खावं

अख्ख्या गव्हाचं साधं सिरियल बेचव लागतं, ही तक्रार जुनी आहे. बहुतेक वेळा दोष गव्हाचा नसतो. दूध फार आधी ओतलेलं असतं, नाहीतर उघड्या पाकिटाला दमट हवा लागलेली असते. भाजलेल्या गव्हाला स्वतःची खमंग, दाण्यासारखी चव असते. ती जपली की साखरेची आठवण फारशी होत नाही.

पाकीट घेताना

पुढच्या बाजूची मोठी अक्षरं सोडा आणि मागची घटकांची यादी वाचा. साध्या श्रेडेड व्हीटच्या (गव्हाच्या धाग्यांच्या भाजलेल्या वड्या) यादीत एकच नाव असतं: अख्खा गहू. व्हीट बिस्किटांत (चहाची बिस्किटं नव्हेत, दुधात घालायच्या दाबलेल्या गव्हाच्या वड्या) थोडी साखर, मीठ आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, अर्क असतो. 100 ग्रॅममागे साखर 4-5 ग्रॅमपर्यंत असेल तर ते चालेल. फ्लेक्स घेताना जास्त सावध राहावं लागतं. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे अख्खं धान्य नव्हे, आणि ‘गव्हापासून बनवलेलं’ हे मैद्याबद्दलही म्हणता येतं. यादीत पहिलं नाव ‘अख्खा गहू’ किंवा ‘संपूर्ण गहू’ हेच हवं.

मग आकडे पाहा. 100 ग्रॅममागे साखर 5 ग्रॅमच्या आत, मीठ 0.3 ग्रॅमच्या आसपास किंवा कमी आणि फायबर 9-10 ग्रॅम तरी असावं. पाकिटावर मिठाऐवजी सोडियम दिलं असेल तर त्याला 2.5 ने गुणा. घाईत असाल तर एकच गोष्ट तपासा: एकूण कर्बोदकं फायबरच्या दहापटीहून जास्त नकोत.

मैदा आणि अख्खा गहू यांत एवढा फरक का? गव्हाच्या दाण्यात वजनानं साधारण 83 टक्के पिठूळ गाभा, 14 टक्के कोंडा आणि 2-3 टक्के अंकुर असतो. लोह, मॅग्नेशियम, झिंक, बी गटातली जीवनसत्त्वं आणि फायबर यांचा मोठा वाटा कोंडा व अंकुरात असतो. मैदा करताना नेमकं तेच बाजूला काढलं जातं.

किती घ्यावं

मोठ्या माणसाला 40 ते 45 ग्रॅम पुरे. श्रेडेड व्हीटच्या मोठ्या दोन वड्या किंवा दोन-तीन व्हीट बिस्किटं म्हणजे जवळपास तेवढंच. फ्लेक्स आणि फुलवलेला गहू मात्र वाटीनं मोजू नका. फुलवलेल्या गव्हाची भरलेली वाटी 15 ग्रॅमच्या आसपास भरते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. एकदा काट्यावर तोलून आपल्या वाडग्यात ते कुठपर्यंत येतं हे पाहून ठेवा.

45 ग्रॅम श्रेडेड व्हीट आणि 200 मिली साधं दूध मिळून सुमारे 280-290 कॅलरी, 11-12 ग्रॅम प्रथिनं आणि 5 ग्रॅमच्या पुढे फायबर मिळतं. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी असतं आणि दुधात ते भरपूर, म्हणून ही जोडी चांगली जुळते. दूध घेत नसाल तर सोया पेय घ्या. बदामाच्या पेयात प्रथिनं अगदी नावापुरती असतात.

अख्खा गहू म्हणजे रक्तातली साखर हळू वाढणार, असं मात्र धरून चालू नका. शिजवून, फुलवून किंवा भाजून गव्हातला स्टार्च पचायला सोपा होतो, त्यामुळे या सिरियलचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती वेगानं वाढवतो याचं माप, मध्यम ते जास्त असतो. म्हणून सोबत दूध किंवा दही हवं आणि थोडा सुकामेवाही हवा. 15 ग्रॅम बदाम किंवा अक्रोड घातले तरी पोट बराच वेळ भरलेलं राहतं.

वाडगा लावताना

इथेच सगळं जमतं किंवा बिघडतं. कारखान्यातून निघताना सिरियलमध्ये पाण्याचा अंश जेमतेम 3 ते 5 टक्के असतो, म्हणून ते कुरकुरीत असतं आणि म्हणूनच दूध झपाट्यानं शोषतं. 1893 मध्ये अमेरिकेत हेन्री पर्की यांनी पेटंट घेतलेल्या श्रेडेड व्हीटच्या पद्धतीत गहू शिजवून, मुरवून, खाचांच्या रुळांमधून दाबून त्याचे धागे काढतात, ते थरांवर थर रचून कापतात आणि भाजतात. त्या धाग्यांमधल्या पोकळ्यांतून दूध आत शिरतं.

आधी फळं चिरा, सुकामेवा काढा, चमचा हाताशी ठेवा. दूध सगळ्यात शेवटी ओता, आणि तेही मधोमध न ओतता कडेनं, म्हणजे वरचा थर कोरडा राहतो. थंड दुधात श्रेडेड व्हीटची वडी मिनिट-दोन मिनिटांत बाहेरून मऊ होते आणि आतून कुरकुरीत राहते. हाच क्षण खाण्याचा. व्हीट बिस्किटं अर्ध्या मिनिटात दूध पिऊन टाकतात, म्हणून दोन बिस्किटांना 125 ते 150 मिली दूध द्या, एक आधी भिजवा आणि दुसरं खाता खाता मोडून घाला. सगळं एकदम बुडवलं की लगदा होतो.

गरम दूध हवं असेल तर उकळतं ओतू नका. वाफ निघते पण बोट क्षणभर टेकवता येतं, इतकंच गरम पुरे. गरम दूध फार वेगानं शोषलं जातं, म्हणून ते थोडं कमी घ्या आणि लगेच खा.

गोडीसाठी पिकलेलं केळं सर्वात उत्तम. अर्धं कुस्करून दुधात मिसळा, उरलेलं चकत्या करून वर घाला. चिमूटभर दालचिनी घातली की पदार्थ आहे त्यापेक्षा गोड भासतो, आणि कणभर मिठानं गव्हाचा खमंगपणा उठून येतो. तरीही साखर हवीच असेल तर वरून एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 4 ग्रॅम, भुरभुरा. ती जिभेला आधी लागते, म्हणून थोडकीच पुरते. 100 ग्रॅममागे 25 ग्रॅम साखर असलेल्या सिरियलच्या 45 ग्रॅममध्ये 11 ग्रॅमहून अधिक साखर असते, आणि ती काढून टाकण्याची सोय नसते.

संत्रं, किवी किंवा स्ट्रॉबेरी घालायला आणखी एक कारण आहे. कोंड्यातलं फायटेट हे नैसर्गिक द्रव्य लोहाला धरून ठेवतं आणि लोह शरीरात कमी शोषलं जातं. सी जीवनसत्त्व ही अडचण बरीच कमी करतं. चहा-कॉफी मात्र तासभर पुढे ढकला.

पोटाला सवय लावताना

आजवर फायबर कमी खात असाल तर पहिला आठवडा अर्धंच प्रमाण घ्या, नाहीतर पोट फुगतं आणि बिचाऱ्या सिरियलला बोल लागतो. सोबत पेलाभर पाणी प्या. पाण्याशिवाय कोंडा पोट साफ करण्याऐवजी जड करतो. लहान मुलांना वडी पूर्ण भिजवून द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा सुकामेवा देऊ नका, पूड करून घाला. सिलिअॅक आजार (ज्यात गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला इजा करतं) किंवा गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांनी हे खाऊच नये. माल्ट बहुधा जवाचं असतं, त्यामुळे त्यातही ग्लुटेन असतं.

साठवण

आतली पिशवी घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. शेगडीजवळ किंवा उन्हात नको. सादळलेलं सिरियल 150 अंशांच्या ओव्हनमध्ये 4-5 मिनिटं किंवा कोरड्या कढईत मंद आचेवर परतलं की पुन्हा कुरकुरीत होतं. ते पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आतल्या वाफेनं पुन्हा मऊ पडेल. खवट वास आला तर मात्र भाजून उपयोग नाही. अंकुरातलं तेल बिघडलेलं असतं, ते टाकूनच द्या.

पाकिटाच्या तळाशी उरलेला चुरा दह्यावर पसरा किंवा कटलेटला ब्रेडच्या चुऱ्याऐवजी लावा. दुधात मात्र तो घालू नका, पिठासारखा चिकट होतो.